फोटोंची चवड आणि काचेचा करंडा

कळंबोलीत सिडकोने बांधलेले धारण तलाव आहेत. नवी मुंबईची बरीचशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे, त्यामुळे पावसाचं पाणी केव्हाही खाडीत सोडून देता येत नाही. भरती असताना खाडीकडच्या झडपा मिटतात, पाणी तलावात थांबतं आणि ओहोटी लागली की वाहून जातं. हिवाळ्यात या तलावाकाठच्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. येणारे जाणारे त्याला घाण म्हणतात. गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांबरोबर मी तो थर जुन्या टूथब्रशने खरवडून बाटलीत भरला.

शाळेचा सूक्ष्मदर्शक साधाच होता. ४० पटीचं वस्तुभिंग लावून मुलांनी डोळा लावला आणि एकदम गलका झाला. होड्या, काड्या, चकत्या, चौकटी! सगळ्यांवर बारीक नक्षी. मग अर्थातच कुणीतरी मोबाइल काढून नेत्रिकेवर धरला. फोटो निघाला, पण सगळ्यांची निराशा झाली. चकतीची कड रेखीव आली होती, मधला भाग मात्र धुक्यात बुडाला होता. फोकसची चकती जराशी फिरवून दुसरा फोटो काढला. आता मधला भाग रेखीव आला आणि कड धुक्यात गेली.

"मॅडम, डोळ्यांना तर सगळं दिसतंय. मग फोटोत का येत नाही?" एका मुलीने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही फोटोंची चवड रचायला शिकलो आणि तसं करताना मी मुलांसमोर एक चूक केली. ती चूकच या लेखात सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

काचेचा करंडा

दगडावरच्या तपकिरी थरात मुख्यतः डायाटम होते. डायाटम म्हणजे एकपेशीय शैवाल. त्यांचं वैशिष्ट्य म्हणजे पेशीभोवतीचं सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीच्या पदार्थाचं कवच. हे कवच दोन भागांचं असतं आणि एक भाग दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो. कुंकवाचा करंडा आठवा. मराठीत डायाटमना 'करंडक वनस्पती' म्हणतात ते यामुळेच. या लेखापुरतं आपण झाकणाला वरचं अर्धकवच म्हणू आणि डबीला खालचं अर्धकवच.

बहुतेक डायाटम काही मायक्रॉनांपासून एक-दोनशे मायक्रॉनांपर्यंत असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. आकाराने इतके लहान असले तरी त्यांचं काम मोठं आहे. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा डायाटम करतात.

त्यांच्या जाती हजारोंनी आहेत आणि जात ओळखायची ती कवचावरच्या नक्षीवरून. कवचाचा आकार, दहा मायक्रॉनांत रेषा किती, ठिपके कुठल्या कडेला, मधोमध फट आहे की नाही, अशा बारीक खुणा पाहाव्या लागतात. ही ओळख केवळ हौसेसाठी नसते. काही जाती स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहतात. काही सांडपाण्यानेही बिचकत नाहीत. 'निट्शिया पालिया' ही जात घाण पाण्यात मुबलक सापडते आणि त्यासाठीच ती प्रसिद्ध आहे. त्यामुळे नदीच्या दगडावरचे डायाटम मोजून पाण्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येतो. पण नाव चुकलं तर पाण्याबद्दलचा निष्कर्षही चुकतो. म्हणून कवचाचं चित्र नीट असणं गरजेचं.

एका वेळी एकच पापुद्रा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. सूक्ष्मदर्शकाच्या वस्तुभिंगावर दोन आकडे कोरलेले असतात. ४० हा वर्धनाचा आकडा सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या शेजारी ०.६५ असा दुसरा आकडा असतो, तिकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. त्याला न्यूमरिकल अपर्चर किंवा थोडक्यात एन.ए. म्हणतात. वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाश किती रुंद शंकूतून भिंगात शिरतो ते या आकड्यावरून कळतं. शंकू जितका रुंद तितका एन.ए. मोठा.

जर्मनीतल्या येना इथे अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ साली दाखवून दिलं, की सूक्ष्मदर्शक किती बारीक तपशील वेगळा दाखवू शकेल हे वर्धनावर नव्हे तर या शंकूवर अवलंबून असतं. हिशोब सोपा आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीला एन.ए.च्या दुपटीने भागा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरू. १० पटीच्या भिंगाचा एन.ए. ०.२५ असतो, म्हणून उत्तर येतं १.१ मायक्रॉन. ४० पटीच्या भिंगाला ०.४२ मायक्रॉन आणि तेल लावून वापरायच्या १०० पटीच्या भिंगाला (एन.ए. १.२५) ०.२२ मायक्रॉन. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकांची परीक्षा घ्यायला डायाटमच वापरत. 'प्लुरोसिग्मा अँग्युलॅटम' या जातीच्या रेषा साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या अंतराने असतात. म्हणजे ४० पटीच्या चांगल्या भिंगाला त्या जेमतेम दिसाव्यात.

मग शंकू रुंद करत गेलं की झालं, असं वाटेल. पण रुंद शंकूची किंमत मोजावी लागते. दोन नरसाळी कल्पनेत आणा, एक उभट आणि एक पसरट. दोन्हींचं टोक म्हणजे फोकस झालेला बिंदू. टोकापासून एक सेंटिमीटर वर गेलं तर उभट नरसाळं जेमतेम रुंदावतं, पसरट नरसाळं मात्र चांगलंच फाकतं. प्रकाशाचंही तसंच होतं. शंकू रुंद असेल तर फोकसच्या पातळीपासून किंचित वर-खाली असलेला बिंदूही मोठ्या ठिपक्यासारखा पसरतो, म्हणजेच अस्पष्ट दिसतो.

वस्तूचा जेवढ्या जाडीचा थर एका वेळी रेखीव दिसतो, त्या जाडीला स्पष्टतेची खोली म्हणू. ढोबळमानाने, हवेत वापरायच्या भिंगासाठी ती तरंगलांबी भागिले एन.ए.चा वर्ग इतकी असते. इथे 'वर्ग' या शब्दाकडे लक्ष द्या. १० पटीच्या भिंगाला ०.५५ भागिले ०.०६२५, म्हणजे सुमारे ९ मायक्रॉन. ४० पटीच्या भिंगाला सुमारे १.३ मायक्रॉन. तेलाच्या भिंगाच्या सूत्रात तेलाचा अपवर्तनांकही येतो आणि उत्तर जवळजवळ अर्धा मायक्रॉन मिळतं. १० पटीकडून ४० पटीकडे गेलो तेव्हा तपशील २.६ पट बारीक दिसू लागला आणि स्पष्टतेची खोली जवळजवळ सात पट घटली. विद्यार्थ्यांना २.६ चा वर्ग करायला सांगा. ६.७६ येईल.

आमची चकती सुमारे २० मायक्रॉन उंच होती आणि स्पष्टतेची खोली होती १.३ मायक्रॉन. कांद्याच्या एका पापुद्र्याचा फोटो काढून त्यात अख्खा कांदा शोधावा, तशी आमची गत झाली होती. छायाचित्रकार अशा वेळी कॅमेऱ्याचं छिद्र लहान करतात. सूक्ष्मदर्शकात प्रकाशाचा शंकू अरुंद केला तर खोली वाढते, पण ॲबेच्या सूत्राप्रमाणे नक्षीच पुसट होते. ज्या नक्षीसाठी एवढा खटाटोप केला, तीच हातची जाते.

डोळा काय करतो, हात काय करतो

पण डोळ्यांना सगळं कसं दिसत होतं? खरं म्हणजे डोळ्यांनाही एका क्षणी एकच पापुद्रा दिसतो. मात्र पाहणाऱ्याचा हात सूक्ष्म फोकसच्या चकतीवर असतो आणि तो नकळत ती पुढे-मागे फिरवत राहतो. पाहिलेले पापुद्रे मेंदू लक्षात ठेवतो, जोडतो आणि आपल्याला 'अख्खी' वस्तू पाहिल्याचं समाधान देतो. चवड रचायचं काम मेंदू पूर्वीपासूनच करत आला आहे.

कॅमेरे सर्रास वापरात येण्यापूर्वी अभ्यासक हेच काम कागदावर करत. १८०६ साली विल्यम वोलॅस्टन यांनी कॅमेरा ल्युसिडा या साधनाचं पेटंट घेतलं. त्यात काचेचा लोलक असतो. सूक्ष्मदर्शकाला असं साधन जोडलं की नेत्रिकेतली प्रतिमा आणि शेजारचा कागद एकाच वेळी दिसतात, त्यामुळे प्रतिमेवरून पेन्सिल फिरवता येते. चित्र काढणारा आधी कडेवर फोकस करून कड काढतो, मग चकती फिरवून मधल्या रेषा काढतो, आणखी फिरवून ठिपके भरतो. कागदावर शेवटी सगळ्या पातळ्या एकत्र आणि रेखीव येतात.

महाराष्ट्रातल्या डायाटमची बरीचशी ओळख अशा रेखाचित्रांतूनच झाली आहे. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी (१९२०–२००८) यांनी कोल्हापूर परिसरातले गोड्या पाण्यातले डायाटम धुंडाळले. पन्हाळगडावरच्या डायाटमविषयीचा त्यांचा लेख १९५९ साली 'हायड्रोबायोलॉजिया'त आला, तर मुंबई आणि साष्टी बेटांवरच्या डायाटमविषयीचा १९६० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. पुढे सरोदे आणि कामत यांचं 'फ्रेशवॉटर डायाटम्स ऑफ महाराष्ट्र' हे पुस्तक १९८४ साली औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) प्रसिद्ध झालं.

अशी चित्रं काढणारा माणूस आणखी एक गोष्ट करत असतो. डायाटमचं कवच पारदर्शक असल्यामुळे चकती फिरवता फिरवता खालच्या अर्धकवचाच्या रेषाही दिसू लागतात. पण वरच्या अर्धकवचाच्या चित्रात तो त्या काढत नाही. त्या रेषा दुसऱ्या पृष्ठभागाच्या आहेत हे त्याला माहीत असतं. काय काढायचं इतकंच काय वगळायचं हेही तो ठरवत असतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

संगणक काय करतो

चकती थोडीथोडी फिरवत एकाच डायाटमचे वीस-पंचवीस फोटो काढायचे आणि प्रत्येकातला फक्त रेखीव भाग उचलून एकच फोटो बनवायचा, याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. पोळ्यांची चवड असते तशी ही फोटोंची चवड. आर. जे. पायपर आणि ए. कॉर्पेल यांनी १९८३ साली 'ॲप्लाइड ऑप्टिक्स'मध्ये संगणकाने असं करण्याच्या पद्धती मांडल्या होत्या. आज हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर, पिकोले, इमेजजे असे अनेक प्रोग्रॅम आहेत. त्यांतले शेवटचे दोन विनामूल्य मिळतात.

पण 'हा भाग रेखीव आहे' हे संगणकाला कसं कळतं? त्याला ना डायाटम माहीत ना नक्षी. त्याच्या लेखी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता, प्रत्येक चौकोनाच्या उजेडाला एक आकडा. काळ्याला ०, पांढऱ्याला २५५. समजा एका फोटोत शेजारशेजारच्या पाच चौकोनांचे आकडे ६०, २००, ७०, १९०, ६५ असे आहेत. लगतच्या आकड्यांतले फरक झाले १४०, १३०, १२० आणि १२५. दुसऱ्या फोटोत त्याच जागी ११०, १२५, ११५, १२५, ११० असे आकडे आहेत. तिथले फरक १५, १०, १० आणि १५. रेखीव प्रतिमेत काळं-पांढरं ठळक असतं, म्हणून शेजारच्या आकड्यांत मोठा फरक पडतो. धूसर प्रतिमेत उजेड आजूबाजूला सांडतो आणि फरक मिटतात. तेव्हा या जागेसाठी संगणक पहिला फोटो निवडतो. चवडीतल्या सगळ्या फोटोंची अशी तुलना तो प्रत्येक जागी करतो. प्रत्यक्षात वापरले जाणारे हिशोब याहून गुंतागुंतीचे असतात, पण गाभा हाच. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना 'तुम्ही संगणक व्हा' म्हणावं. दहा मिनिटांत तत्त्व समजतं.

दोन फोटोंमध्ये किती अंतर ठेवायचं? स्पष्टतेच्या खोलीपेक्षा थोडं कमी, म्हणजे मधला एकही पापुद्रा सुटत नाही. ४० पटीच्या भिंगाला एक मायक्रॉन ठीक. २० मायक्रॉन उंचीच्या डायाटमला एकवीस फोटो झाले. अनेक सूक्ष्मदर्शकांत सूक्ष्म फोकसच्या चकतीच्या एका फेऱ्यात मंच ०.२ मिलिमीटर सरकतो आणि चकतीवर शंभर खुणा असतात. म्हणजे एक खूण दोन मायक्रॉनची. आपण अर्धी अर्धी खूण सरकायचं.

आम्ही तसं केलं. शाळेतल्या संगणकावर चवड रचली गेली आणि पडद्यावर ती चकती कडेपासून मध्यापर्यंत रेखीव उमटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर मीही वाजवल्या.

माझी चूक

मग उत्साहाने आम्ही एका लांबट, काडीसारख्या डायाटमची चवड रचली. चित्र सुरेख आलं. दोन्ही लांब कडांना बारीक ठिपक्यांची एकेक रांग स्पष्ट दिसत होती. दोन्ही कडांना ठिपके, म्हणून मी मुलांना सांगितलं, की हा 'सुरिरेला' या प्रजातीतला दिसतो. त्यातल्या अर्धकवचाच्या कडेने सगळीकडून अशी रचना फिरलेली असते. एका मुलाने वहीत नाव लिहून घेतलं.

घरी आल्यावर मी सुटे फोटो एकामागून एक पाहत बसले. पहिल्या काही फोटोंत ठिपके फक्त डाव्या कडेला होते. मधल्या फोटोंत कुठेच नव्हते. शेवटच्या फोटोंत ते फक्त उजव्या कडेला होते. मी कपाळावर हात मारला. ते एक अर्धकवच नव्हतं, अख्खा करंडा होता. डावी रांग झाकणाची आणि उजवी डबीची. तो सुरिरेला नव्हताच, 'निट्शिया' होता.

निट्शियात प्रत्येक अर्धकवचाला ठिपक्यांची एकच रांग असते, एका कडेला. झाकणाची रांग डावीकडे असेल तर डबीची तिरप्या समोरच्या बाजूला, उजवीकडे असते. त्याची नातेवाईक प्रजाती 'हँट्शिया'. तिच्यात दोन्ही रांगा एकाच बाजूला, एकाखाली एक येतात. म्हणजे रांग कुठल्या कडेला आहे एवढं पाहून भागत नाही. ती कुठल्या कडेला आणि कुठल्या पातळीवर आहे, या दोन्ही गोष्टी कळल्या तरच नाव ठरतं. चवड रचताना संगणकाने नेमकी पातळीच पुसून टाकली होती.

यात संगणकाचा दोष नाही. चित्रातल्या प्रत्येक जागी रेखीव दिसणारी पातळी एकच असते, असं ही पद्धत गृहीत धरते. मुंगीचं डोकं, नाण्याचा ठसा, खडकाचा तुकडा अशा अपारदर्शक वस्तूंच्या बाबतीत ते खरंच आहे. पण काचेच्या करंड्यात एकाच जागी दोन पृष्ठभाग असतात, वर झाकण आणि खाली डबी. त्यांतला जास्त ठळक कुठला एवढंच संगणक पाहतो. मग एका जागी झाकणाची रेषा येते, शेजारच्या जागी डबीची, आणि निसर्गात कुठेच नसलेली नक्षी तयार होते. तीही अगदी रेखीव! धूसर फोटो निदान आपला अपुरेपणा कबूल करतो. चवडीचा फोटो तसं काहीच कबूल करत नाही.

आणखीही काही गमती घडतात. मोबाइलच्या भिंगावर धुळीचा कण असेल तर तो प्रत्येक फोटोत असतो. फोटो एकमेकांवर जुळवताना सरकवले जातात, त्यामुळे त्या एका कणाची मुंग्यांच्या रांगेसारखी ठिपक्यांची ओळ होते. आणि आपण तर ठिपक्यांच्या रांगा पाहूनच जात ओळखायला निघालेले!

पुढच्या शनिवारी मी शाळेत जाऊन चूक सांगितली आणि सुटे फोटो ओळीने दाखवले. नाव लिहून घेणाऱ्या मुलाने ते खोडलं आणि विचारलं, "मॅडम, मग तो फोटो खोटा होता का?"

मग खरं काय?

मी त्याला म्हणाले, की फोटोतला प्रत्येक ठिपका खरा आहे. खोटा आहे तो 'हे सगळे ठिपके एकाच पृष्ठभागावर आहेत' हा माझा समज. चवडीचा फोटो म्हणजे सारांश, आणि सारांश करताना काहीतरी गाळावंच लागतं. इथे खोली गाळली गेली.

जुने अभ्यासक हाताने चित्र काढताना हा घोटाळा टाळू शकत. कुठली रेषा कुठल्या पृष्ठभागाची हे त्यांना कळत असे. संगणकाला ते कळत नाही. म्हणून रेखाचित्रच श्रेष्ठ, असं म्हणावं का? तेही पूर्ण खरं नाही. रेखाचित्रात काढणाऱ्याचा निर्णय दिसतो, पण त्याने काय पाहून तो घेतला हे दिसत नाही. त्याने एखादी रेषा वगळली असेल तर चित्रावरून ते कधीच कळणार नाही. म्हणूनच जुन्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतात. गांधींनी कोल्हापूर परिसरातून 'गोम्फोनेमा' या प्रजातीतल्या ज्या जाती नोंदवल्या होत्या, त्यांचा फेरविचार बी. कार्तिक आणि जे. पी. कोसियोलेक यांनी २०१२ साली 'फायकॉलॉजिकल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजही डायाटमवर काम चालतं. अर्ध्या शतकापूर्वीच्या नोंदीकडे वळून पाहायची वेळ येते, तेव्हा चित्राच्या मागचा मूळ पुरावा किती मोलाचा असतो ते कळतं.

चवडीच्या फोटोत ही सोय आपसूक मिळते. सुटे फोटो क्रमाने जपून ठेवले तर कुणीही, केव्हाही पापुद्रे उलगडून आपला निष्कर्ष तपासू शकतो. माझी चूक मला सापडली ती सुटे फोटो पुसून टाकले नव्हते म्हणूनच. तेव्हा चवड रचून झाली की 'आता सुटे फोटो कशाला' म्हणून ते काढून टाकू नयेत. चवडीचा फोटो भिंतीवर लावावा, पुरावा म्हणून सुटे फोटो सांभाळावेत.

दुसरा उपाय खुद्द डायाटमतज्ज्ञ पूर्वीपासून करत आले आहेत. ते नमुना रसायनांनी स्वच्छ करतात. पेशीतला सेंद्रिय भाग निघून गेला की बरेचसे करंडे उघडतात, झाकण आणि डबी सुटी होतात. सुट्या अर्धकवचाची चवड रचली तर दोन पृष्ठभागांचा घोटाळा उरत नाही. करंडा अख्खाच राहिला असेल तर वरच्या अर्ध्या फोटोंची एक चवड करावी, खालच्या अर्ध्यांची दुसरी, आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवावीत.

वर्गात करून पाहा

१. करंड्याचा खेळ. पारदर्शक प्लॅस्टिकची चपटी डबी घ्या. झाकणावर डाव्या कडेला मार्करने ठिपक्यांची रांग काढा, तळावर उजव्या कडेला. वरून पाहून कुठली रांग कुठे आहे ते मुलांना ओळखायला सांगा. मग दोन्ही रांगा एकाच बाजूला असलेली दुसरी डबी करा. निट्शिया आणि हँट्शिया तयार!

२. नमुना. तळ्यातल्या किंवा ओढ्यातल्या दगडावरचा तपकिरी थर टूथब्रशने काढा. पाण्यात ढवळून तासभर स्थिर ठेवा आणि वरचं पाणी ओता. औषधाच्या दुकानात मिळणारं सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड घालून काही दिवस उन्हात ठेवलं की बराचसा सेंद्रिय भाग निघून जातो. हे काम शिक्षकांनीच, हातमोजे आणि चष्मा घालून करावं. बाटलीचं झाकण घट्ट लावू नये, कारण आत ऑक्सिजन तयार होतो. नंतर साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा. दर वेळी गाळ खाली बसू द्या.

३. काचपट्टी. धुतलेल्या गाळाचा थेंब आच्छादन काचेवर वाळवा. ती काच उलटी करून काचपट्टीवर ठेवा आणि कडा नेलपॉलिशने बंद करा. मध्ये पाणी नको, हवाच असू द्या. डायाटमच्या सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४३ आहे आणि पाण्याचा १.३३. फरक थोडा असल्यामुळे कवच पाण्यात पुसट दिसतं. हवेचा अपवर्तनांक १, म्हणून हवेत ते उठून दिसतं. काचेची कांडी ग्लिसरिनमध्ये बुडवली की दिसेनाशी होते, तो प्रयोग याला जोडून दाखवता येईल.

४. फोटो. मोबाइल हातात धरू नका. पुठ्ठ्याच्या नळीने किंवा पाइपच्या तुकड्याने तो नेत्रिकेला बसवा. मोबाइलचा फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, नाहीतर दर वेळी तो आपल्या मनाने बदलेल. शटरला दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे हादरा बसणार नाही. फोकसची चकती एकाच दिशेने फिरवत जा. उलट फिरवली की दात्यांतल्या ढिलाईमुळे मोजमाप चुकतं. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या.

५. संगणक नसेल तर. पाच फोटो एकाच मापात छापून घ्या. प्रत्येकातला रेखीव भाग कात्रीने कापून एका कागदावर चिकटवा. ही हाताने केलेली चवड. कापताना मुलांत वाद होतील, 'हा भाग या फोटोत जास्त रेखीव की त्या?' ते होऊ द्या. मोजमाप का हवं ते मुलांना या वादातूनच कळेल.

६. चित्र. शेवटी फोटो बाजूला ठेवून प्रत्येकाने नेत्रिकेत पाहत, चकती फिरवत त्याच डायाटमचं चित्र काढावं. वरच्या अर्धकवचाच्या रेषा निळ्या, खालच्या तांबड्या. मग चित्र आणि चवडीचा फोटो शेजारी ठेवून पाहा. फोटोत न दिसणारी गोष्ट चित्रात दिसेल, ती म्हणजे कुठली रेषा वरची आणि कुठली खालची.

कळंबोलीच्या त्या मुलाच्या वहीत आता खोडलेल्या 'सुरिरेला'खाली 'निट्शिया' लिहिलेलं आहे. पुढे कंसात त्याने स्वतःच जोडलं आहे : 'डावे ठिपके फोटो ३, उजवे ठिपके फोटो १७.' चित्राखाली नाव कुणीही लिहील. ते कशावरून ठरवलं हेही लिहायची सवय नववीत लागली तर पुढे फार उपयोगी पडेल.